शाबासकीचा जाब

बाबा,

३ मे १९५७, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी तुम्ही माझी वही वाचून हसलात आणि मला शाबासकी दिलीत. माझी तक्रार त्या शाबासकीबद्दल आहे.

मी तेव्हा तेरा वर्षांची, नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली. तुम्ही गडचिरोलीपलीकडच्या रानात रेंजर. बंगल्यामागचं तळं मे महिन्यात आटायचं, काठावर नुसता चिखल, आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची पावलं त्यात उठायची. चहाआधी मी तिथे जायचं, एक पाऊल वहीत काढायचं आणि खाली लिहायचं, कोण आलं, कशाला आलं. रोज. ताप असला तरी. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, चितळ आलं, पाणी प्यालं, गेलं. तुम्ही वही परत केलीत. "हे तं रजिस्टर झालं, पोरी. गोष्ट कुठी हाय?" डोकं रोज घासलं नाही तर पितळेसारखं काळं पडतं, असं तुमचं म्हणणं. कालचं आज लिहायचं नाही, हा नियमही तुमचाच. मग मी रचायला शिकले. अस्वलाला लंगडं केलं, सांबराला चोर केलं. तुम्ही खूश. पद्धत चांगली होती, हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं.

त्या सकाळी मला काही रचावं लागलं नाही. आपल्याकडे भांडी घासणारी ढिवराची बाई पहाटे तळ्यावर मासे धरायला यायची. तिचं अनवाणी पाऊल मी ओळखत होते, अंगठा बाहेर फेकलेला. पाण्यापासून टोलीच्या, म्हणजे तिच्या वस्तीच्या, वाटेपर्यंत तिची पावलं गेली होती, आणि त्यांच्यावर, मधूनमधून थेट तिच्या टाचेवरच, वाघाचा पंजा. त्यात पाणी अजून झिरपत होतं. मी दिसलं तसं काढलं आणि खाली लिहिलं, हा पाण्यासाठी आला नव्हता.

"आता जमलं तुले," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "बाबा, हे खरं आहे." "गोष्ट सांगणारा असंच म्हणते," म्हणालात आणि पाठीवर थाप मारलीत. तळं हाकेच्या अंतरावर होतं. तुम्ही पाहायला गेला नाहीत.

पण त्याच दिवशी, ऊन असतानाच, तुम्ही वासरू स्वयंपाकघरात आणून बांधलंत आणि मागच्या दाराला अडसर घातलात. उन्हाळ्यात ते दार कधी बंद नसायचं. आईने विचारलं, "काऊन जी?" तुम्ही म्हणालात, "असंच." तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात होता. वाघाची बातमी टोलीत गेली असती तर एकही बाई पानं तोडायला रानात शिरली नसती, आणि वरच्या साहेबाने तुम्हाला धारेवर धरलं असतं. हे मला फार वर्षांनी उमगलं. अडसर मात्र तेव्हाच दिसला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली, राख घेऊन माझ्यासमोर भांड्यांना बसली.

"काय लिवून राह्यली वो बाई?"

"गोष्ट."

"मंग मले बी घाल ना तिच्यात. रानीबिनी कर."

ती तिच्यात आधीच होती.

तिसऱ्या दिवशी ती पानांना गेली. शोधायला गेलेली माणसं परत आली ती तिचा बांधलेला भारा तेवढा घेऊन. तुम्ही वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलंत. पुढच्या सकाळी मी तळ्याकडे निघाले तर दारातच अडवलंत. "आज घरातलंच काढ काही. कंदील काढ."

पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत निबंध शिकवला. मुलांकडून रोज एक पान लिहून घेतलं, तुमच्यासारखंच. फक्त आधी विचारायचे, पाहिलेलं की रचलेलं? कुणी पाहिलेलं म्हणालं की उठून पाहायला जायचे. मुलं पाठीमागे मला फौजदार म्हणायची. एकदा सरपणाच्या खोलीत खरंच नाग निघाला.

एक गोष्ट तुमच्या माथी मारता येत नाही. ती समोर बसली होती तेव्हा 'रानात जाऊ नको' एवढं मला बोलता येत होतं. मी बोलले नाही. तिने ते खरं मानलं असतं तर तुमची शाबासकी खोटी ठरली असती, आणि ती मला हवी होती.

माझ्या वाट्याचं मी लिहिलं. तुमच्या वाट्याचं तुम्ही लिहा. वासरू आत घेताना तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? उत्तर लेखी हवं, येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत. एक शब्द पुरेल. तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मुदत मात्र पाळली गेली पाहिजे.