कोळंबी बाधली म्हणून सांगितलं

१० जाने. ९४
मुंबईच्या डॉक्टरबाईंनी एकदाचं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं, दर वेळी आग, सूज, अंगभर गांधी. मला ह्यांच्या वीर्याचीच ॲलर्जी आहे. एरवी निरोध वापरायचा. मूल हवं तर बीज लॅबमध्ये धुऊन गर्भपिशवीत सोडायचं. सिल्वासाला घरी आल्यावर ह्यांनी कागद कपाटात अगदी तळाशी ठेवले. मला मात्र हलकं वाटलं. मी नाटकं करत नव्हते हे तरी ठरलं.

२८ फेब्रु.
मुंबईचा पहिला प्रयत्न फुकट. पाळी आली. शाळेत तिसरीला शिकवतानाच कळलं. पोरांना पाढे लिहायला लावले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

७ मार्च
सासूबाई धुळ्याहून आल्यात. माझी ट्रंक आवरायला घेतली, निरोधचं पाकीट निघालं. "पोर नको शे तुले? आनि मी तठे नवस करत फिरस!" हे मसाटच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेले, समोरच बूट काढत होते. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढं तरी म्हणायचं! राग येतो. फार.

१३ मार्च, रवि.
परवा पुन्हा मुंबई. संध्याकाळी सासूबाई देवळात जाणार आहेत. हे म्हणाले, "एकदाच. तसंच. कशाला ती मुंबई?" दिवस बरोबर मधले, मलाही ठाऊक. नको म्हटलं नाही. का नाही म्हटलं…

१५ मार्च
आज मुंबईला असायला हवं होतं. रविवारी त्यानंतर दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास कोंडला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नर्सने विचारलं, काय खाल्लं? मला बोलता येईना. हे म्हणाले, "कोळंबी." कागदावर तेच. इंजेक्शनने वाचले.
घरी सासूबाई : "घरमा कोळंबी कवय शिजनी?"
हे : "शेजारून आली होती."
खोटं बोलायला बरं तोंड उघडतं.

२ एप्रिल
पाळीचे पाच दिवस वर गेले. कुणाला बोलले नाही. हे मूल मला हवंय, इतकं की हात लावून पाहायलाही भीती वाटते. पण असलं तर मरता मरता वाचले ते कुणाच्या लक्षात राहणार नाही. मुंबईशिवाय जमलं की, म्हणतील. दुसऱ्या मुलाच्या वेळीही तसंच करू म्हणतील.
ह्यांनी आत्ता विचारलं, "मुंबईची तारीख घेऊ ना?" आवाज अगदी पडलेला.
म्हटलं, थांबा थोडं.