हिनलोपेनची सामुद्रधुनी आणि बसमधली एक सीट

२ नोव्हेंबर, हुफूफ, सौदी अरेबिया
नाश्त्याला सर्वांची विचारपूस केली. मुलाची, नदीमची, कंबर? बरी. सूनबाई हफीजाचा घसा? अल्हम्दुलिल्ला. नात इकरा? फाइन, आणि पुन्हा मोबाइल. माझा गुडघा मीच विचारला. एसीत धरतो.
इकराला शाळेच्या प्रदर्शनात भूगोलाचं मॉडेल न्यायचंय. निवड झाली तर रियाधला दुसरी फेरी. प्रत्येक मॉडेलबरोबर घरचा एक मोठा माणूस बसमधून जाणार. तो मीच. तीस वर्षं राजपुरीच्या खाडीत होडी चालवलेला या घरात दुसरा कोण आहे?

३ नोव्हेंबर
विषय: उत्तर ध्रुवाकडची हिनलोपेन सामुद्रधुनी. एका अंगाला स्पिट्सबर्गेन बेट, दुसऱ्या अंगाला नॉर्डआउस्टलांडे. नाव उच्चारेस्तोवर ओहोटी लागते. लांबी दीडशे किलोमीटर, रुंदी दहा ते साठ. म्हणजे आपली राजपुरीची खाडीच, जरा वाढवलेली.
इकरा थर्माकोल कापणार होती. मी म्हटलं, बर्फाच्या जागी बर्फच हवा.

४ नोव्हेंबर
फ्रीझरमध्ये ट्रे मावेना. सुरमई बाहेर काढली. हफीजाला म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे.

५ नोव्हेंबर
हफीजा सुरमईबद्दल अजून बोलतेय. सुरमई जुनीच होती.
आज पुनव. इकराने विचारलं, दादा, तिथला बर्फ सारखा फिरतो का? म्हटलं, पाणी ओढतं बेटा. पुनवेला-अवसेला उधाण, मधल्या आठवड्यात भांग, तेव्हा पाणी मंद. थंडी पडली म्हणून चांद बदलत नाही. तिने लिहून घेतलं. असल्या किरकोळ गोष्टी काय लिहायच्या!

८ नोव्हेंबर
बेटं गोठली. मधे निळं पाणी. गोणपाट गुंडाळलं की बर्फ चार तास हलत नाही. रियाधसाठी शर्टाला इस्त्री केली.

९ नोव्हेंबर
शाळा वीस मिनिटांवर. नदीमच्या गाडीत ट्रे मांडीवर घेतला. गुडघ्यासाठी नदीमला एसी बंद करायला लावला. सिग्नलपाशी इकरा म्हणाली, दादा, इट्स मेल्टिंग. म्हटलं, तिथेही उन्हाळा असतोच. शाळेपाशी सामुद्रधुनीची रुंदी साठच्या वर गेली. दोन्ही बेटं माझ्या पायजम्यात. ट्रेच हलक्या प्रतीचा होता.

१० नोव्हेंबर
इकराची निवड झाली! तिने तिथल्या तिथे चार्टवर नकाशा काढला आणि उधाण-भांग समजावलं. टीचर म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात? ती म्हणाली, माय दादा. ठीक. पण बर्फाचं नावसुद्धा काढलं नाही, हे बरं नाही केलं.

१३ नोव्हेंबर
बस गेली. चार्टबरोबर मोठा माणूस लागत नाही, असा नियम निघाला. चार्ट गुंडाळून काखेत मारता येतो. इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत गेलो होतो.
मेसेज लिहिलाय, आधी इथे उतरवतो: इकरा, पोचलीस का? एसीखाली बसू नकोस. परीक्षकांनी भरतीचं काही अडवून विचारलं तर मला लिही. नाही विचारलं तरी लिही. लवकर.