काळा दगड, लाल दगड

लोहारा, यवतमाळ

प्रिय अनघा,

फोन सोडून मी कागद घेऊन बसले, याचं तुला नवल वाटेल. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एकेरी विटेची आहे आणि अमर आता दिवसभर पलीकडच्या खोलीत असतो. खोकल्याची उबळ नसते तेव्हा त्याला इकडचं सगळं ऐकू येतं.

तू नागपूरला भूजलाच्या कामात रमलीस, मी इथे अमरच्या दगडांत. आपण भूशास्त्र शिकलो त्याचा उपयोग माझ्या संसारालाच झाला, असं मी हसत सांगायचे. लग्नानंतर बोरी अरबला त्याच्या शेतावर गेलो, तेव्हा विहिरीतून निघालेला काळा दगड आणि आपण वणीच्या सहलीहून आणलेला वाळूचा दगड असे दोन्ही मी त्याच्यासमोर ठेवले होते. एक लाव्हा निवून झालेला, कण इतके बारीक आणि गुंतलेले की भिंगाशिवाय दिसत नाहीत. दुसरा नदीच्या वाळूचा, थरावर थर बसून दाबला गेलेला. अंगठ्याने घासला तरी दोन-चार कण हाताला लागतात. अमरने दोन्हींना जीभ लावून पाहिली. वाळूच्या दगडाने जीभ धरली, म्हणून कितीतरी वेळ हसत होता.

पुढे त्याने लोहाऱ्यात शेड घेतली. बरीच वर्षं काळाच दगड कापला. उंबरठे, पायऱ्या, एखादा नंदी. मग लोकांना लाल दगडाच्या, म्हणजे वाळूच्याच दगडाच्या, कमानी हव्याशा झाल्या आणि राजस्थानातून ट्रक येऊ लागले. पहिल्या दिवशी घरी आला तो पोरासारखा. म्हणाला, "सुरभी, हा त साबणासारखा कटते." काळ्या दगडावर जी फुलं त्याला कधी जमली नव्हती, ती लाल दगडावर सहज उमलू लागली. आर्णीच्या एका देवळाला त्याची कमान लागली तेव्हा मला मोटारसायकलवर बसवून दाखवायला घेऊन गेला. कळस राहू दे, वेलीची पानं बघ, म्हणत होता.

तो बेपर्वा नव्हता गं. छातीत बसते ती गारगोटीची धूळ, काळ्या दगडात मोकळी गारगोटी जवळपास नसते आणि वाळूचा दगड जवळजवळ तिचाच बनलेला, हे मी सांगितल्यावर त्याने लगेच कटरला पाण्याची नळी जोडली. मोठे काप पाण्यातच घ्यायचा. पण नक्षी कोरताना पाण्याने पेन्सिलची रेघ पुसली जायची. तेवढं काम कोरडं, तोंडाला दुपट्टा बांधून. संध्याकाळी त्याच्या पापण्या लाल असायच्या. त्याचे शर्ट मी वेगळे भिजवायचे, तर बादलीच्या तळाशी गाळ बसलेला असायचा.

खोकला सुरू झाला तेव्हा आधी टीबीचं औषध चाललं. वजन उतरतच गेलं. दिवाळीनंतर आम्ही नागपूरला येऊन गेलो आणि तुला कळवलं नाही, त्याचा राग धरू नकोस. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून नीट समजावलं. आत गेलेल्या कणांभोवती फुप्फुस घट्ट होत चाललंय. काम बंद केलं तरी ते मागे फिरत नाही. अमरने बाहेर येऊन चहा घेतला, मलाही पाजला.

आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. लाइट गेली की आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो. सासूबाई अडुळशाचा काढा करतात आणि तो मुकाट्याने पितो. मी उशा वरखाली करते, खिडकी उघडते, परत लावते. याहून जास्त मला काहीच करता येत नाही, अनघा.

काल दुपारी त्याला जरा बरं वाटत होतं. मला जवळ बसवलं आणि म्हणाला, "मले एक सांग. आपल्या वावरातला काळा दगड सडून माती होते ना? मंग माह्या छातीतला हा लाल कधी सडन?"

मी चहा ठेवते म्हणून उठले. काळा दगड कुजतो, त्याची कपाशीची माती होते. गारगोटी कुजत नाही. डोंगरापासून समुद्रापर्यंत घरंगळली तरी गारगोटीच राहते. हे आपण दोघींनी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. मी चहा घेऊन आले तेव्हा तोच मला समजावू लागला. म्हणाला, "तुले याद नसन. रविवारी अनघाताईले फोन लावतो. तिले माहीत असन."

तेवढ्यासाठी हे पत्र. त्याला काय सांगायचं ते मी तुला सांगू शकत नाही. रात्रीपासून दोन्ही उत्तरं मनात म्हणून पाहिली, दोन्ही म्हणवली नाहीत. तू जे सांगशील ते मला चालेल. फक्त घाई करू नकोस. बोलताना त्याला दम लागतो आणि तो मध्येच बराच वेळ थांबतो. लाइन कट झाली असं समजून फोन ठेवू नकोस. तो तिथेच असतो.

तुझीच,
सुरभी