तीन नंबरचा हीटर

सर, तुमची गाडी उद्या भंगारात चाललीय. तिचं वय झालं. क्रेनवाला सकाळी दहाला येतो म्हणालाय. म्हणून आज सहाला शेड उघडून मी तिला शेवटचा सेल्फ मारला. हवेत गारठा होता. इंजिननं तिसऱ्या प्रयत्नाला धरलं आणि मग ते खडखडत, गचके देत, एका पायानं अधू माणसासारखं चालायला लागलं. मागून पांढरा धूर आणि न जळलेल्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास. दोन मिनिटांत अंगात ऊब आली आणि ते असं शहाण्यासारखं चालू लागलं, की कुणाला सांगूनही पटणार नाही. चारपैकी एका सिलिंडरचा हीटर प्लग गेला की डिझेलगाडी सकाळी अशीच उठते, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी तो प्लग बदलला नाही.

तुम्हाला मी आठवणार नाही असं धरून सांगते. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. देवगाव रंगारीहून पहाटेची एसटी पकडून यायची. प्रवेश सगळ्यांत शेवटी मिळाला, म्हणून रोल नंबरही शेवटचा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिलात. मग तो एकेकाच्या हातात दिलात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सर, दुसऱ्या नंबरला आवाज जरा बसका येतोय." तुम्ही नोझल काढून बघितलं, खरंच खराब होतं. त्या दिवशी तुम्ही तो स्क्रू-ड्रायव्हर मलाच देऊन टाकलात. मुठीवर तापल्या तारेनं कोरलेलं तुमचं आद्याक्षर होतं. "ठेव. कान आहेत तुला," म्हणालात. आणि वर्गाला सांगितलंत, "जे स्वतः ऐकलं तेच लिहायचं. शेजारच्यानं सांगितलेलं माझ्याकडं चालणार नाही." मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

वडिलांनी मला एका अटीवर पाठवलं होतं. "एक डाव बघू, पोरी. नाय जमलं तर घरला." वाळूजच्या एका कारखान्यात उमेदवारीची जागाही जवळपास ठरली होती, फक्त पास व्हायचं होतं.

परीक्षेला तुम्ही स्टँडवरचं चार सिलिंडरचं इंजिन ठेवलंत. थंड इंजिन चालू करायचं, ऐकायचं, दोष लिहायचा. एवढी वर्षं शिकवलेल्या माणसाला एक साधी गोष्ट कशी कळली नाही, सर? थंड इंजिन फक्त पहिल्याला मिळतं. दुसऱ्यापासून पुढं सगळ्यांना गरमच. पहिल्यानं ऐकलं, लिहिलं आणि बाहेर हात धुता धुता दुसऱ्याला सांगितलं. तिथून ते नळावर पसरलं. "तीन नंबरचा हीटर. आवाजबिवाज काय ऐकू नको, लिहून मोकळा हो." मलाही एकानं सांगितलं. "बाई, तीन नंबर लिही. शहाणपणा करू नको." माझी पाळी आली तेव्हा बारा वाजले होते. मी सेल्फ मारला. इंजिन एका दमात उठलं आणि लोण्यासारखं चाललं. मी स्क्रू-ड्रायव्हर चारी ठिकाणी लावला, दोनदा लावला, आणि जे ऐकलं ते लिहिलं. इंजिनात दोष आढळला नाही.

माझा पेपर तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलात. "दोष आढळला नाही! वा, बाईसाहेब! एवढ्या पोरांना ऐकू आलं, तुम्हालाच नाही? ते कान आहेत का झुमके अडकवायची भोकं?" पोरं हसली. ज्यांनी काहीही न ऐकता तीन नंबर लिहिलं होतं, तीही हसली. मी म्हणाले, "सर, इंजिन गरम होतं." तुम्ही म्हणालात, "नापासाला कारणं लई सुचतात." त्या संध्याकाळी एसटीत मी कानातलं काढून दप्तरात टाकलं. आजपर्यंत पुन्हा घातलं नाही.

वडिलांनी शब्द पाळला. वाळूजची जागा दुसऱ्याला गेली, पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. इंजिनला पुन्हा हात लावायला मला अकरा वर्षं लागली, तीही नवऱ्याच्या ट्रॅक्टरपासून सुरुवात करून. पुढं आम्ही शहरात आलो, हर्सूलला रस्त्याकडेला शेड टाकली. लोक म्हणायला लागले, डिझेलचं काम असेल तर त्या बाईकडे जा. आणि एका डिसेंबरात तुम्ही आलात.

निवृत्त झाला होतात. हात थरथरत होते. मला बघून म्हणालात, "मॅडम, ही सकाळी मिसिंग मारते, गचके देते, पांढरा धूर फेकते. मला तीन नंबरचा हीटर वाटतो. आता माझ्या हातून होत नाही, तुम्ही बघा." मी तुम्हाला फाटकातच ओळखलं होतं. पदर खोचला, बॉनेट उघडलं. घरून चालवत आणलेली गाडी, इंजिन गरम, आवाज स्वच्छ. मी मीटर लावला. तीन नंबर मेलेला होता. तुमचं बरोबर होतं, सर. मी बॉनेट बंद केलं आणि म्हणाले, "चारी हीटर चांगले आहेत. इंजिनात दोष नाही." तुम्ही म्हणालात, "असं कसं? मी रोज ऐकतो ना." मी जॉब कार्डावर लिहूनही दिलं. दोष आढळला नाही. खाली सही. तुम्ही चष्मा वर करून ते वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत. मी दिवसभर गुणगुणत होते. शेडमधल्या मिस्त्रीनं विचारलं, "काय बाई, लॉटरी लागली का?" मी म्हणाले, "व्हय. लई जुनं तिकीट होतं."

दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही पुन्हा आलात. पुन्हा तोच कागद. तिसऱ्या हिवाळ्यात आलात तेव्हा तुमचा आवाज खाली आला होता. "मॅडम, एक विनंती आहे. गाडी रात्रभर ठेवून घ्या. सकाळी थंड असताना पहिला सेल्फ तुम्ही मारा, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल." हे वाक्य मी परीक्षेच्या दिवशी बारा वाजता तुम्हाला म्हणायला हवं होतं, सर. उद्या सकाळी थंड इंजिन द्या, म्हणजे ऐकू येईल. माझ्या तोंडून ते निघालं नव्हतं. तुम्ही ते माझ्याच शेडमध्ये उभं राहून मला म्हणालात. मी म्हणाले, "जागा नाही." मागं आख्खी शेड रिकामी होती. तुम्ही तिकडं बघितलंत, आणि "बरं" म्हणून गेलात.

तुम्ही वारल्यानंतर दोन महिन्यांनी तुमच्या घरच्या काकू गाडी विकायला माझ्याकडेच आल्या. खुर्चीत बसून म्हणाल्या, "ह्यांनी शेवटी त्या गाडीचा लई ध्यास घेतला हो. रोज सकाळी चालू करून बॉनेटपाशी उभं राहायचे. म्हणायचे, ती बाई लिहून देती दोष नाय, म्हंजी माझेच कान गेले. कानाचं मशीन घेतलं. ते लावून बी ऐकायचे. मला म्हणायचे, तुला येतंय का गं ऐकू?" मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?" "मला काय कळतंय त्यातलं? नाय म्हणलं." मी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि आत पार्ट्सच्या खोलीत जाऊन हसले. तोंडावर फडकं धरून हसले. माझे कान तुम्ही सगळ्यांसमोर काढून घेतले होते. तुमचे मी तीन हिवाळ्यांत, कुणालाही न कळता काढून घेतले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

गाडी मीच घेतली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा तिच्यावर होते. एका सकाळी एकालाच बसवायचं, पाच जण असतील तर पाच दिवस लावायचे. प्रत्येकाला त्याचं स्वतःचं थंड इंजिन. एवढं सोपं होतं, सर. थोडे दिवस जास्त लागले असते.

तुम्हाला लिहिलेला हा कागद गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून तिच्याबरोबरच जाऊ द्यावा असं डोक्यात होतं. ठेवत नाही. भंगारवाले आधी कप्पेच उचकटतात.

एक राहिलं. पहिल्या दोन हिवाळ्यांत तुमची गाडी दिसली की मी तो स्क्रू-ड्रायव्हर फडक्याखाली सारायची. तिसऱ्या वेळी सारला नाही. टेबलावर, वरच, आद्याक्षर दिसेल असा ठेवला. तुम्ही तो उचललात. मुठीवरून अंगठा फिरवलात. कानाला लावलात, नुसताच, काही चालू नसताना. मग विचारलंत, "हा कुठं मिळाला तुम्हाला?" माझ्या हातात पाना होता. मी वर न बघता म्हणाले, "जुन्या बाजारात." तुम्ही तो होता तिथं ठेवलात, आणि मगच गाडी रात्रभर ठेवायचं विचारलंत. मीटरचं खोटं, जागेचं खोटं, त्या दोन्ही कागदांवरचं खोटं, सगळं माझं आहे आणि ते मी परत घेत नाही. तेवढं जुन्या बाजाराचं मात्र मला परत घ्यायचंय.