मधला रकाना

बाबा, मी तुमच्यावर वैतागले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑफिसात माझं काही चुकलं की तुमचा तो चष्म्यावरून बघणारा चेहरा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, आणि या आठवड्यात तर तो जागचा हललाच नाही. आईला सांगायला गेले तर म्हणाली, "तुझं ते कॉम्प्युटरचं मला मेलीला काय कळतंय!" तुम्हालाही कळलं नसतं, असंच मी धरून चालले होते. वैताग त्याचाच आहे. तुम्हाला ते माझ्याआधी पंचवीस-तीस वर्षं कळलेलं होतं.

मी ऐरोलीला ज्या कंपनीत आहे, तिथे आम्ही दाखल्यांची नोंदवही चालवतो. ती कागदावर नाही, ब्लॉकचेनवर आहे. म्हणजे वही एकच, तिच्या प्रती खूप जणांकडे, आणि एकदा झालेली नोंद कुणालाही, अगदी आम्हालाही, खोडता येत नाही. फोर्कलिफ्ट चालवायला शिकलेल्यांचे दाखले प्रशिक्षण संस्था तिथे नोंदवते. द्रोणागिरीच्या गोदामांच्या गेटवर ऑपरेटर मोबाइलवरचा कोड दाखवतो. हिरवं आलं की आत, लाल आलं की बाहेर. वहीचे नियम ज्या प्रोग्रॅममध्ये असतात त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, आणि तो एकदा चढवला की बदलता येत नाही. मग आम्ही शहाणे लोक पळवाट काढतो. लोकांसमोर कायमची एक खिडकी ठेवायची आणि खिडकीमागचा कारकून बदलायचा. कारकून नवा, नियम नवे, वही मात्र तीच. तुम्ही हसला असता. पण हा कारकून रकान्यांची नावं वाचत नाही, बाबा, तो फक्त मोजतो. पहिल्यात हे, दुसऱ्यात ते, तिसऱ्यात ते.

तर दाखल्याला मुदत हवी असं ठरलं. रकाने चार होते: ऑपरेटर, तारीख, रद्द आहे का, आणि दर्जा. मुदतीचा पाचवा रकाना मी तारखेच्या शेजारी घातला, कारण तिथे तो शोभत होता. शेवटी टाकला असता तर काहीएक बिघडलं नसतं, पण ते मला गबाळं वाटलं. मंगळवारी सकाळी नवा कारकून बसवला, टाळ्या वाजवल्या, कुणीतरी समोसे मागवले. जुन्या नोंदी जिथल्या तिथे राहिल्या आणि हा पठ्ठ्या एक घर पुढे सरकून वाचायला लागला. "रद्द आहे का" म्हणून त्याने जे वाचलं, तो माणसाचा दर्जा होता. शिकाऊ लोकांचा दर्जा शून्य, आणि शून्य म्हणजे रद्द नाही, म्हणून ते सगळे हिरवे. ज्यांनी वर्षानुवर्षं राबून पहिला, दुसरा दर्जा मिळवला, ते झाडून सगळे लाल. दुपारपर्यंत द्रोणागिरीच्या गेटवर नेमकी जाणती माणसं बाहेर उभी होती.

माझ्या दहावीची सुट्टी आहे. वाशीच्या शाळेत तुम्ही हेडक्लार्क, आणि जनरल रजिस्टरच्या नव्या पानांवर रेघा मारायचं काम तुम्ही मला दिलंय. आईचं नावही लिहायचं असा नवा आदेश आलाय. मी आपल्या अकलेने तो रकाना मुलाचं नाव आणि जन्मतारीख यांच्या मधे घालते. चांगली सहा पानं आखून ठेवते आणि शाबासकीची वाट बघते. तुम्ही पान बघता आणि पट्टी टेबलावर आपटता. "मधे घुसायचं नाही! वर्षानुवर्षं ही वही हाताळणारा माणूस चौथ्या रकान्यात जन्मतारीख शोधतो. उद्या कुणाच्या दाखल्यावर चुकीची तारीख गेली तर ते पोर कुठे कुठे भांडत बसेल? नवीन आलं की शेवटी जायचं. कितीही वाईट दिसू दे." शिपाईमावशींसमोर मी रडले. मग तुम्ही प्रत्येक पानावर लाल शाईची एकच सरळ रेघ मारलीत, आणि खाली लिहिलंत, "रकाना चुकला. चूक माझी." सही, तारीख. चूक माझी होती आणि सही तुमची. हेडमास्तरांनी तुम्हाला झापलं ते मी दाराआडून ऐकलं. घरी जाताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि विषयही काढला नाहीत. तेव्हाही चिडून बोलला असता तर मी विसरून तरी गेले असते.

बुधवारी त्यांतली एक ऑपरेटर बाई आमच्या ऑफिसात आली. चाळिशीची, उरणकडची, दोन बस बदलून आलेली. "मॅडम, पंधरा वर्सं गाडी चालवते मी. माज्या हाताखाली शिकलेली पोरं आत गेली नि मी गेटवर उभी. वॉचमन सगल्यांसमोर बोलतो, तुजा दाखला रद्द हाय. मी काय चोरी केली?" ठेकेदाराने तिला सांगितलं होतं, उद्या आत आली नाहीस तर तुझ्या जागी दुसरा घेतो. आणि आमची दुरुस्ती शुक्रवारशिवाय होणार नव्हती, कारण कुठलाही बदल तीन जणांच्या सह्यांनी आणि दोन दिवस थांबूनच करायचा, हा नियम मीच भांडून करून घेतला होता. मॅनेजर म्हणाले, "नेटवर्कचा इश्यू आहे सांगा. लेखी काही देऊ नका, उगाच टेन्शन." मी लेटरहेड घेतलं आणि हाताने लिहिलं, की दाखला वैध आहे, रद्द दिसतो ती चूक आमची. सही केली, तारीख घातली, ड्रॉवरमधला शिक्का शोधून मारला. कागद आणि शिक्का हद्दपार करायला काढलेली कंपनी आमची! गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. वॉचमनने कागद दोनदा उलटसुलट बघितला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि तिला आत सोडलं.

शुक्रवारी रकाना शेवटी गेला. गबाळा दिसतो, चालतो. दुरुस्तीबरोबर एक टीप नोंदवावी लागते, तीही कायमची. मी लिहिलं, "रकान्यांचा क्रम चुकला होता, दुरुस्त केला." कोणी चुकवला ते लिहिलं नाही. त्या टिपेवर आता लाल रेघही मारता येणार नाही. खाली नवी टीप जोडता येते, ती मी अजून जोडलेली नाही.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून एवढं सांगते. बुधवारी कागद हातात घेताना तिने विचारलं होतं, "तुमी आदी तपासलं नवतं का?" मी म्हणाले, "तपासलं होतं हो, मशीनला कळलं नाही." मशीनला कळलं होतं, बाबा. रकान्यांचा क्रम बदलतोय, असं स्वच्छ लिहून ते थांबलं होतं. मला घाई होती. ही तपासणी वगळ, असं मीच त्याला सांगितलं.

ती म्हणाली, "मशीनचं काय खरं नाय. तुमी हायत म्हनून." आणि माझे दोन्ही हात हातात धरले. मी धरू दिले.