गाण्याखालचा आवाज

बाबा, तुम्ही लग्नाच्या कॅसेटवर चढवलेल्या गाण्यांनी या महिन्यात माझी पार फजिती केली, म्हणून लिहायला बसले आहे. पिपरी मेघेच्या काकू तुम्हाला आठवतील. सेलूला त्यांचं लग्न तुम्हीच शूट केलं होतं. त्याला आता पंचवीस वर्षं होताहेत. कॅसेटचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाक, परदेशातला भाऊही रविवारी आमच्यासोबत पाहील, असं काकू म्हणाल्या. मी तो फुकटच्या साइटवर चढवला आणि चहा ठेवायला गेले. चहा उकळेपर्यंत साइटनं तुमची एकूण एक गाणी ओळखली होती. गाण्यांच्या मालकांनी हक्क सांगितला आणि वरातीपासून बिदाईपर्यंत आवाज बंद! लगेच काकूंचा फोन. "अवं, सारे नुसते तोंड हालवून राह्यले! भाऊ म्हणते, मौनव्रतात लगन लागलं का?"

काकांनी मागून तोडगा सुचवला, "खाली लिहून टाक ना, गाणं आमचं नाई म्हणून." चोरानं जाताना भिंतीवर 'माल आमचा नाही' असं लिहून ठेवावं, तसलंच हे. पैसे भरले की जाहिराती नसलेली, पासवर्ड घालता येणारी साइट मिळते. गिऱ्हाइकांचे व्हिडिओ मी आता तिथेच ठेवते. पण दाराला कुलूप घातलं म्हणून आतलं गाणं आपलं होत नाही. गाण्याची सीडी आपण विकत घेतली तरी हक्क मिळतो तो ऐकण्याचा, लग्नावर चढवण्याचा नाही, हे तुम्हाला कोण सांगणार होतं? नव्या लग्नांना मी परवाना घेतलेलं संगीत वापरते. काकूंच्या व्हिडिओलाही तेच लावते म्हटलं, तर त्या हट्टाला पेटल्या. "मले गाणं नाई पाह्यजे. माह्या मायनं मंगलाष्टकं म्हटले होते, ते ऐकव." त्यांची आई जाऊन सहा वर्षं झालीत. मी नाही म्हणू शकले नाही. पण मिक्सिंग करताना तुम्ही मूळ आवाज पुसून टाकलेला, म्हणून शेवटी तुमची लोखंडी पेटी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूळ कॅसेट सापडली आणि तिला साधी बुरशीसुद्धा नव्हती.

काकूंच्या लग्नाआधीचं केळझरचं लग्न आठवतं ना? तुम्ही पहिल्यांदा माझ्या हाती कॅमेरा दिला होता. नवरीसमोर एक काका आडवे आले आणि मी ओरडले, "काका, बाजूले व्हा!" काका झाले बाजूला, पण माझा आवाज कॅसेटवर गेला. तुम्ही अख्ख्या मांडवासमोर कॅमेरा काढून घेतला. "कॅमेऱ्यामागचा माणूस मुका पाह्यजे. तू काऊन बोलून राह्यली? हे काम तुह्यानं होत नाई." दुसऱ्या दिवसापासून मी आपल्या दुकानाच्या काउंटरवर, कॅसेटांवर नवरा-नवरीची नावं लिहायला. तुमचा हात थकला तेव्हाच कॅमेरा पुन्हा माझ्याकडे आला. मिक्सिंगच्या वेळी तुम्ही दार आतून लावून घ्यायचात. मला वाटायचं, आत काहीतरी मोठी विद्या चालली आहे. त्या दाराचा आणि तुमचाही मला फार राग यायचा.

तर मी ती मूळ कॅसेट लावते. मंगलाष्टकांच्या आधी, मधे, नंतर, सगळीकडे तुम्हीच! "मामा, पोट आत घ्या." "नवरीबाई, रडणं थांबवजो नको, लाइट चांगला हाये." मंगळसूत्राच्या वेळी तर कहर. "जावईबापू, गाठ सोडा अन् पुन्हा बांधा, मंधात मामा आले." गुरुजी भडकतात. त्यावर तुम्ही म्हणता, "महाराज, तुमचा मंत्र दोनदा चालते, मंग गाठ काऊन नाई?" म्हणजे बाबा, ती गाणी हौसेची नव्हतीच, तुमची बडबड झाकायची होती! मी एकटीच खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. एवढ्यात कोणीतरी विचारतं, "पोरीले नाई आणलं का आज?" तुमचा आवाज एकदम खाली येतो. "तिले आणलं असतं तं मामा कवाच बाजूले झाले असते. लोकं तिचं ऐकते. माह्यं कोण ऐकते?" मग गुरुजींचा मंत्र पुन्हा सुरू होतो. मी टेप थांबवली आणि खूप रडले. हे मला तोंडावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

रविवारी काकूंनी आईची मंगलाष्टकं ऐकली, डोळे पुसले आणि मामांच्या पोटावर खो खो हसल्या. दोन गाठींचं ऐकून म्हणाल्या, "म्हणूनच तं टिकलं!" माझ्याबद्दलचं तुमचं तेवढं बोलणं मी त्यातून कापलं होतं. ते वेगळं करून त्या पासवर्डवाल्या साइटवर ठेवलं आहे, फक्त मलाच दिसेल असं. चढवताना साइटनं नेहमीप्रमाणे विचारलं, या आवाजावर तुमचा हक्क आहे का? एरवी तिथे मी दहादा विचार करते. या वेळी लगेच 'हो' दाबलं. तुमची परवानगी मात्र घेतलेली नाही, बाबा.