सुतारकाकांची जखम

ती. आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

सुतारकाकांच्या भाजलेल्या पाठीत आता ते जंतू उरले नाहीत, असं आज प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः वॉर्डात येऊन सांगितलं. मेले एकाही नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हते!

ते शेजारच्या खाटांवर पसरू नयेत म्हणून मी दाराशीच उभी राहायचे. मोठ्या सर्जननाही घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायला लावले.

"सिस्टर, तुमच्यापेक्षा माझी सासू बरी!" म्हणाले, पण धुतले. शेजारच्या कुणालाच लागण झाली नाही, आई.

साबणाने माझे हात जरा फुटलेत, बाकी मजेत. बाबांचा खोकला कसा आहे? खरं लिही.

उद्या काकांच्या मांडीची कातडी पाठीवर लावणार आहेत. ती धरली, की ते घरी जातील.

तुझी,
धाकटी